हरलेल्या पैजेचा फाफडा

प्रिय मीनल,

रेडिओ लहरींची मोजमापं परवा पूर्ण झाली. तू असतीस तर फोनवर दोन शब्दांत संपलं असतं. आता पत्र लिहावं लागतंय.

तू चुकलीस गं.

आपला ब्लेझार उन्हाळ्यात भडकला, तेव्हाची तुझी घाई आठवते. कुठल्या दूरच्या दीर्घिकेतलं कृष्णविवर, आणि त्याच्याजवळून नेमका आपल्या दिशेनं सुटलेला झोत. गॅमा किरणांत तो एकाएकी उजळला. क्ष-किरणांत जरासा हलला. दृश्य प्रकाशात काहीच नाही.

तू खुर्चीतून उठलीसच.

"अनाथ भडका! याला बाकी कुठल्याच किरणांत जोडीदार नाही. रेडिओसुद्धा चढणार नाही, लिहून घे."

"थांब ना. रेडिओ नेहमी मागून येतो. महिने लागतात."

"महिने कुणाकडे आहेत यार?"

मी हसलो. तुला तेव्हा आजाराचं कळलं होतं का? मग मला का हसू दिलंस?

पैज लागली. आपल्या गटाचा नियमच होता: ज्याचं भाकीत फसेल त्यानं सगळ्यांसाठी घाटकोपरहून फाफडा-जलेबी आणायची. तू घाटकोपरचीच, त्यामुळे हरो कुणीही, पिशवी तुझ्या हातात. किती कुरकुरायचीस!

रेडिओ चढायला लागला तेव्हा तू नव्हतीस. प्रत्येक नोंदीत थोडा वर. मी पुन्हा पुन्हा तपासलं, माझीच चूक सापडावी म्हणून. असं याआधी कधी केलं नव्हतं.

या भडक्यावरच्या आपल्या शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं आहे. शेवटचा भाग, तुझ्या भाकिताचा, तू हॉस्पिटलच्या खाटेवरून लिहिलास, आणि नेमका तोच खोटा ठरला. गटात सगळे म्हणाले, गाळून टाकू, कशाला उगाच. मलाही तेच हवं होतं.

काल तुझ्या बाबांकडे गेलो. त्यांनी दारातच विचारलं, "पोरीचं बरोबर निघालं का रे?"

चहा संपवून मी सांगितलं.

"म्हणजे हरली."

"हो काका. पण तो भाग काढून टाकतोय आम्ही. कुणाला कळणार नाही."

"चुकली की लपवायची का ती?"

"छे! सगळ्यांच्या आधी ओरडून सांगायची."

"हं," म्हणाले, आणि कप उचलून आत गेले.

आज दुपारी ते पवईला, आपल्या संस्थेत आले. गेटवरून फोन आला तेव्हा मी घाबरलोच. खाली गेलो तर हातात तेलकट पिशवी, शर्ट घामानं भिजलेला.

"हरली ना ती? मग आणायला नको? चल, गार होतंय."

टेबलावर त्यांनीच कागद पसरला. फाफडा, जलेबी, तळलेल्या मिरच्या. तुझ्या खुर्चीत बसले. कुणी हात पुढे करेना, आणि ते एकेकाला म्हणत होते, "घ्या ना, लाजता काय? आमची पोर उधारी ठेवत नाही."

आम्ही सगळं संपवलं. मिरच्यासुद्धा.

मीनल, तो भाग मी काढणार नाही. तुझं भाकीत तुझ्याच शब्दांत राहील, आणि त्याच्या लगेच खाली रेडिओचा आलेख. ते चुकलं असं मी लिहीन. 'कदाचित' न लावता.

पैज जिंकलेला,
सुहास