चौदा सेकंद

५ मार्च
नवी नोकरी, नवं गाव, दोन खोल्यांचं घर. खिडकीतून भरपूर ऊन येतं, बरं वाटलं. ध्वनिसंग्रहालयातल्या जुन्या टेप ऐकून संगणकावर चढवायच्या, एवढंच काम. टेपवाले काका इथे तीस वर्षं आहेत, त्यांना कमी ऐकू येतं. म्हणाले, तुम्ही आलात, आता खात्यात दोन कान तरी धड झाले. बऱ्याच दिवसांनी हसलो.

८ मार्च
काकांनी जुळणी शिकवली. आवाजाचा तुकडा द्यायचा, संगणक तसेच आवाज शोधून देतो. बासरी दिली, तर कुठकुठल्या अनोळखी बासऱ्या आल्या. दुपार कशी गेली कळलं नाही.

९ मार्च
बायको जाऊन आज सात महिने झाले. फोनमध्ये तिचं गुणगुणणं आहे, चौदा सेकंद. कपड्यांच्या घड्या घालत होती, चुकून रेकॉर्ड झालं. शेवटी मीच म्हणतो, "हळू जरा, बातम्या ऐकू दे." ती थांबते.
गाणं कुठलं, कधी विचारलं नाही. मला पुढची चाल हवी आहे. तुकडा जुळणीला दिला.

११ मार्च
तीन टेप निघाल्या. तीन बायका, अनोळखी भाषा, चाल मात्र तीच. चौदाव्या सेकंदाला कुणी पुरुष काहीतरी बोलतो आणि ती गप्प होते. तिन्हींत तसंच. काका म्हणाले, तुकड्यातून स्वतःचा आवाज आधी कापायचा असतो, नवखे सगळे हेच विसरतात. जे द्याल तेच मिळेल.

१४ मार्च
कापून दिला. एकोणीस टेप. पुरुष आहेच. आता भाषा कळते. आवाज माझा आहे. एक टेप माझ्या जन्माच्या आधीची.

१६ मार्च
काकांना ऐकवलं. त्यांना नुसती बाई ऐकू आली. छान गाते, म्हणाले. मग मधेच का थांबते, असं विचारलं त्यांनी.

१७ मार्च
ती थांबल्यावरही टेप चालू राहते. कापड झटकल्याचा आवाज. बराच वेळ. मग ती, अगदी हळू —
"अहो, झाल्या का बातम्या?"

१८ मार्च, दुपार
घरी, पलीकडच्या खोलीत कुणीतरी घड्या घालतंय. गुणगुणतंय. फोन बंद आहे —
मी बोलणार नाही. तोंडात रुमाल कोंबलाय. गा. पूर्ण गा.
बारा. तेरा.
चौदा — गातेय. पुढची ओळ — इतकी साधी —
माझ्या पाठीमागून, माझ्याच आवाजात — हळू ज