चाकाखालचा दगड

बबिता,

तुला फोन लावला तर तो घरातच वाजला. काळी शेळी सकाळपासून अडलीय, करडाचा एकच पाय बाहेर आलाय. डॉक्टर म्हणाले, नांदूरघाटला घेऊन या. आज बाजार, गावात कुणाचीच गाडी न्हाई. म्हणून आपली पिकअप काढतोय.

खरं सांगतो, आधी मी न्हाईच म्हणालो. वर्षभर नुसतं इंजन चालू करून बंद करतोय, हे तुला ठाऊक हाय. त्या दिवशी दादा चाकाखालचा दगड काढायला वाकले होते. त्यांनी "येऊ दे" म्हणायच्या आधीच मी ब्रेक सोडला अन् बापाच्या पायावरनं चाक गेलं. त्यावर ते आजवर एक शब्द बोलले न्हाईत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज मी चावी घेऊन नुसता उभा होतो. दादा लंगडत गेले, तोच दगड काढला अन् म्हणाले, "बस."

बाकीच्या शेळ्यांना पाणी दाखव, माझ्याच्यानं राहून गेलं.

दादा पुढं बसलेत, दगड मांडीवर घेऊन. हँडब्रेक अजून तसाच बिघडलेला हाय. दवाखान्यापुढं लई उतार हाय, बबिता. ब्रेकवर पाय माझा असंल, अन् दगड लावायला खाली दादाच उतरतील.

बंकट