वीस मिनिटं तोंड बंद

२ मार्च, सकाळी ६.१०

साठी ओलांडलेल्या बंधूंनो, रोज ब्लेड फिरवून ज्यांच्या गालांचा सँडपेपर झाला आहे, ग्रुप फोटोत ज्यांना "काका, जरा मागे सरका" असं सांगितलं जातं, आणि ज्यांचं वाचन बाजूला ठेवून जग नुसतं ज्यांचं तोंड बघतं, अशा माझ्या तमाम उपेक्षित बंधूंनो.

(ही वही फक्त माझ्यासाठी आहे. पण अशी सुरुवात केल्याशिवाय हात चालत नाही.)

वस्तुस्थिती: वाचनालयाच्या अध्यक्षपदाची निवडणूक २९ तारखेला. मागच्या खेपेला चार मतांनी पडलो. माझं भाषण पंचावन्न मिनिटांचं, प्रतिस्पर्धी दंतवैद्याचं तीन. तरी तो निवडून आला. याचं कारण शोधायला मला तीन वर्षं लागली. काल सापडलं. नोटीस बोर्डावरचे फोटो. त्याचा चेहरा सोललेल्या बदामासारखा, माझा ओल लागलेल्या रद्दीसारखा.

निश्चय: २० तारखेला नवे फोटो काढणार आहेत. तोवर चेहरा उजळलाच पाहिजे. तोही बाजारातलं काहीएक न वापरता. बाटलीबंद सौंदर्य ही आधुनिक गुलामगिरी आहे, या विषयावर मी पूर्वी बोललो आहे (एक तास दहा मिनिटं). सर्व काही आपल्या स्वयंपाकघरातून. वजनमाप खात्यात बत्तीस वर्षं काढली. प्रमाण चुकणं शक्य नाही.

३ मार्च, सायं. ५

पहिला लेप. ओट्स २५ ग्रॅम, दही १८, मध ६. निवृत्तीच्या वेळी खात्याने दिलेल्या पितळी तराजूवर तोलले. मुलीने मोबाइलवर कृती वाचून दाखवली. शेवटची सूचना: लेप वाळेपर्यंत वीस मिनिटं बोलायचं नाही. मुलीने ही ओळ दोनदा वाचली. का, कळलं नाही. वीस मिनिटं म्हणजे काय मोठंसं.

५.०४. लेपाला तडे. ओट्सचा इतिहास घरात कोणालाच ठाऊक नसल्याने चार शब्द सांगणं भाग पडलं. मुलगी म्हणाली, बाबा, हनुवटीवरून नाश्ता पडतोय.

दोष मधाचा. उद्या ७ ग्रॅम.

४ मार्च

स्क्रब. कॉफी १५ ग्रॅम, साखर ४०. त्यात लिंबू. लिंबाची कल्पना माझी स्वतःची. दाढी करून लगेच चोळलं.

लिंबू नको होतं.

मुलगी म्हणते, तुमची आरोळी वाचनालयापर्यंत गेली असेल. दंतवैद्याने माझ्या आवाजाची ही पोहोच ध्यानात घ्यावी.

६ मार्च, सायं. ५.३०

अंड्याचा पांढरा बलक. मोठं यश. चेहऱ्यावर वाळून असा कडक झाला, की तोंड उघडायचं म्हटलं तरी मिशी ओढल्यासारखं दुखायचं. पूर्ण वीस मिनिटं गप्प. आयुष्यात प्रथमच.

ही समोर येऊन बसली. मांडीवर वाचनालयातली फाटकी पुस्तकं, हातात सुई-दोरा. हिला तो नाद आहे. पुस्तकं शिवता शिवता काहीतरी सांगत होती. खिडकीकडचं कपाट, पाणी, असं काहीसं. मी मनात भाषणाचा दुसरा परिच्छेद जुळवत होतो.

बलक धुऊन आलो तर म्हणाली, चांगला आहे हो हा लेप, रोज करत जा.

नोंद: बत्तीस वर्षांच्या संसारात हिने माझ्या एखाद्या उपक्रमाला पाठिंबा देण्याची ही पहिली वेळ. फरक दिसू लागला असणार.

८ मार्च

मातीचा लेप. माती दुकानातून आणणं तत्त्वात बसत नाही. गॅलरीतल्या गुलाबाच्या कुंडीतून १०० ग्रॅम घेतली. त्या कुंडीत परवाच हिने शेणखत घातलं होतं, हे अकराव्या मिनिटाला समजलं. तेही वासावरून.

तरी बोललो नाही. नऊ मिनिटं शिल्लक होती. याला निष्ठा म्हणतात.

१० मार्च

उमेदवारीचा अर्ज भरला. सूचक म्हणून शेजारच्या निवृत्त कंपाउंडरची सही घेतली. तो स्वतः उभा राहणार नाही याची खात्री करून घेतली, कारण वाचनालयाच्या घटनेचं कलम सात: जो दुसऱ्याचा सूचक झाला, त्याला स्वतः निवडणूक लढवता येणार नाही. हे कलम माझं. सहा वर्षांपूर्वी दंतवैद्य आणि त्याचा मेहुणा एकमेकांचे सूचक होऊन दोघेही उभे राहिले होते. तेव्हा चाळीस मिनिटं बोलून हे कलम मंजूर करून घेतलं. लोकशाहीला कुंपण लागतं.

१२ मार्च, सायं. ५.३०

आता डोळ्यांवर काकडीच्या चकत्याही ठेवतो. जाडी तीन मिलिमीटर. गालांवर कुस्करलेलं केळं.

मी असा पडलेला असताना शिवणकामवाल्या वहिनी आल्या. पाठोपाठ पलीकडच्या गल्लीतली नर्स. दोघी दारातच थबकल्या. वहिनींनी विचारलं, झोपलेत का? ही म्हणाली, नाही, लेपात आहेत, या आत, पाच-वीसपर्यंत काही भीती नाही. मग स्वयंपाकघरात बराच वेळ बोलणं चाललं होतं. हसणं जास्त. कागदांचा आवाज.

माझ्या चेहऱ्याची कीर्ती गल्लीत पसरली आहे. बायका कृती उतरवून घ्यायला येऊ लागल्या.

१४ मार्च, सायं. ५.२५

केळं ४० ग्रॅम, मध ७, वर काकडी. लेप उत्कृष्ट बसला.

आठव्या मिनिटाला ही वाचनालयाचा कसलासा कागद घेऊन आली आणि मोठ्याने वाचू लागली. मी त्याच वेळी भाषणाच्या समारोपापाशी पोचलो होतो, तिथे थांबणं अशक्य होतं. अंगठा वर केला. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी पुन्हा अंगठा वर केला. तिने विचारलं, नक्की ना? तेव्हा दुसरा अंगठाही वर केला. मग तिने हातात पेन दिलं, बोट धरून जागेवर टेकवलं. सही केली. डोळ्यांवर काकडी असूनही सही सरळ आली असणार. बत्तीस वर्षं चालत्या काट्यासमोर सह्या केल्या आहेत.

माझ्या अर्जाची दुसरी प्रत असावी. ग्रंथपाल या बाबतीत फार काटेकोर.

सही झाल्यावर हिने कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाली, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात हो. समारोप मनातल्या मनात म्हटला तरी त्याचा परिणाम होतो, हे सिद्ध झालं.

१७ मार्च

गालांवर लाली हवी. फोटोला तीन दिवस. बीट किसून त्याचा रस ३० मिली. दोन हात दिले.

१८ मार्च

लाली आली आहे.

१९ मार्च

लाली जात नाही. साबण, दही, पुन्हा साबण. कानाच्या पाळ्यांवर ती अधिक आहे.

२० मार्च

फोटो झाला. फोटोग्राफरने विचारलं, काका, ताप आहे का? मी त्याला निसर्गातल्या रंगांविषयी दहा मिनिटं सांगितलं. त्या दरम्यान त्याने सात फोटो काढले. सातही फोटोंत माझं तोंड उघडं आहे. त्याला उत्स्फूर्तता म्हणतात.

ही पण तिथे होती. इस्त्रीची साडी, केस नीट. तिचाही एक फोटो काढला. एकाच क्लिकमध्ये झाला. आठवण म्हणून काढून घेतला असेल. बाईमाणसाला हौस असते.

२३ मार्च

सर्वांगीण शुद्धीसाठी मीठ आणि अक्रोडाच्या टरफलांची पूड. २० ग्रॅम, बारीक दळून. माझ्या मते बारीक.

आता नाक सोलपटलं आहे. कपाळावर पुरळ. मुलगी केमिस्टकडे घेऊन गेली. त्याने चेहऱ्याला काय काय लावलं ते विचारलं. मी क्रमवार सांगितलं. शेणखतापाशी त्याने पेन खाली ठेवलं. शेवटी एक पांढरी ट्यूब दिली. बाजारातली. घेतली नाही. मुलीने घेतली.

२४ मार्च, दुपारी १

घडलं ते लगेच लिहून ठेवतो.

आज अर्जांची छाननी. ग्रंथपालाने तीन अर्ज टेबलावर मांडले. मी म्हटलं, दोन असायला हवेत. तो म्हणाला, तीन आहेत. मग माझा अर्ज उचलला आणि शांतपणे सांगितलं की हा कलम सातखाली बाद होतो, कारण उमेदवार दुसऱ्या अर्जावर सूचक आहे. मी उभा राहिलो. कट, षड्यंत्र, बनावट सही, असं पंचवीस मिनिटं बोललो. पुरळावर ताण आला तरी थांबलो नाही. त्याने तो तिसरा अर्ज माझ्याकडे फिरवला.

उमेदवाराच्या जागी माझ्या बायकोचं नाव. सूचकाच्या जागी माझी सही. माझाच तिरपेपणा, माझीच शेवटची वेलांटी. वेलांटीवर वाळलेल्या केळ्याचा ठिपका.

दंतवैद्याने कलम सात तोंडपाठ म्हणून दाखवलं. माझ्या मूळ भाषणातल्या विरामांसकट.

ग्रंथपाल म्हणाला, उद्या संध्याकाळी पाचपर्यंत सूचकाला सही मागे घेता येते. मागे घेतलीत तर बाईंचा अर्ज बाद, तुमचा कायम. पाचला मी दार लावतो.

सायं. ६

हिला जाब विचारला. विश्वासघात हा शब्द तीनदा वापरला. ही म्हणाली, दोनदा वाचून दाखवलं होतं, कलम सातसकट. मी विचारलंसुद्धा, नक्की ना? तुम्ही दोन्ही अंगठे वर केलेत. मला वाटलं, ऐकलंत. मग म्हणाली, मला खरंच वाटलं हो, या खेपेला ऐकलंत.

ही वही तपासली. १४ मार्च. दोन अंगठे. माझ्याच अक्षरात.

२५ मार्च, सायं. ५.३०

सगळं क्रमाने लिहितो.

४.३५ ला पेन खिशात घालून निघालो. वाचनालय सहा मिनिटांच्या अंतरावर. निर्णय स्पष्ट होता: सही मागे घ्यायची. ज्याने तीन वर्षं तयारी केली, त्याने पुस्तकं शिवणाऱ्या बाईसाठी माघार घ्यावी, असं कोणत्याही घटनेत लिहिलेलं नाही.

ही दारातल्या खुर्चीत बसली होती. पुढ्यात तोच सुई-दोरा. म्हणाली, जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण आधी वीस मिनिटं बसा. आज लेप नाही. नुसतं बसा.

४.४० ला बसलो. घड्याळ माझ्या समोरच होतं.

ती म्हणाली की वाचनालय पाचला बंद होतं. नर्स सुटते सहाला. वहिनींचं मशीन थांबतं साडेसहाला. दिवसभर काम करणाऱ्या कोणाही बाईने त्या इमारतीचं आतलं छत पाहिलेलं नाही. छत बघण्यासारखंही नाही, कारण खिडकीकडच्या कपाटावर ते तीन वर्षं गळतंय. त्या कपाटातली दोनशे बारा पुस्तकं तिने पुन्हा शिवली आहेत. काही दोनदा. मी सांगणार होतो की गळतीवर मी दोन जाहीर भाषणं दिली आहेत. तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, हो, दिलीत. दुसऱ्या भाषणाच्या वेळी पाणी माइकवर पडत होतं. तुम्ही माइक हलवलात.

मी तोंड मिटलं.

ती म्हणाली, मला खुर्ची नकोय हो. मला ते दार रात्री आठपर्यंत उघडं हवंय आणि छतावर एक पत्रा हवाय. तुम्ही अध्यक्ष झालात तर हे कराल का? खरं सांगा.

माझ्या भाषणाची चौदा पानं मनातल्या मनात चाळली. त्यात दार नव्हतं. पत्राही नव्हता. गुलामगिरी होती.

४.५४ ला उठायला हवं होतं. उठलो नाही. काटा पुढे सरकताना बघत होतो. पाचचे ठोके पडले तेव्हा ही वाक्याच्या मधे होती, म्हणून थांबलो.

हिच्या मते मी अकराच मिनिटं ऐकलं, बाकीची घड्याळ बघत होतो. माझ्या मते वीस. काही असो, मी मोठ्या मनाने माघार घेतली, हे इतिहासात नोंदवलं जाईल. निदान इथे तरी.

२७ मार्च

पांढरी ट्यूब लावली. एकदाच. नाकापुरती.

२८ मार्च

नाकापुरती पाचदा. बरं वाटतंय. तराजू कपाटात ठेवला.

दंतवैद्य भेटला. म्हणाला, घरातून आव्हान आलं म्हणायचं. मी काही बोललो नाही. तो गोंधळला. गप्प बसण्यात एवढी ताकद असते, हे मला आधी कोणी सांगितलं असेल तर मी बोलत असेन तेव्हा.

२९ मार्च, सकाळी ७.४०

सूचकाला सभेत दोन मिनिटं बोलायला मिळतात. कलम नऊ. तेही माझंच. रात्रीपर्यंत चौदा पानांची सहा केली. पहाटे सहाची दोन. ही चहा घेऊन आली, दोन्ही पानं वाचली, आणि सुईचं टोक एका ओळीवर टेकवून म्हणाली, एवढंच पुरे, बाकी लोकांना कामं आहेत.

वादविवाद केला. हरलो. मुलगी म्हणाली, बाबा, हवं तर लेप लावून या, म्हणजे पुढचं वाक्य निघणार नाही.

आरशासमोर ओळ म्हणून बघतोय. नाकावर पांढरं, कानांवर अजून बीट. नऊ सेकंद लागतात. एवढ्या लहान भाषणाचा मला सराव नाही.

सभासद बंधू-भगिनींनो, मतपत्रिकेवर दुसरं नाव माझ्या बायकोचं आहे, त्याच्यापुढे फुली मारा.