मामांच्या सहीवाचून अडलेली कंपनी

जळगाव, रविवार

आदरणीय नाना यांस गिरधरचा सविनय नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देतो ना? देवपुरातल्या सर्वांची खुशाली कळवावी. इकडे आपल्या भगिनी बेबाबाई प्रकृतीने ठणठणीत आणि माझ्यावर नाराज आहेत.

पुण्याची एक मोठी कंपनी आमच्या पियुषची कंपनी विकत घेत आहे आणि आपण, म्हणजे त्याचे मामा व दहा टक्क्यांचे भागधारक, सही करत नाही आहात. शुक्रवारपर्यंत ती न झाल्यास व्यवहार मोडेल आणि नोकरी सोडून यंत्रामागे लागलेला आपला भाचा पुन्हा नोकरी शोधू लागेल. तीस वर्षे वाणिज्य शिकवलेला माणूस या नात्याने मी हा विषय मुळापासून मांडतो. (कंटाळा आल्यास चहा घ्यावा, वाचन सोडू नये.)

कंपनीची किंमत प्रथम नवकल्पनेने ठरते. पियुषचे यंत्र कॅमेऱ्याने केळी पाहते आणि ती किती पिकली, हे पडद्यावर सांगते. फैजपूरच्या शेडमध्ये पुण्याचे चार साहेब ते तपासायला आले, तेव्हा बेबाबाईंनी त्यांना व्याह्यांप्रमाणे टोपी-टॉवेल दिले. ही तपासणी आहे, सोयरीक नव्हे, असे मी समजावले. त्यावर, पाहुणे दारी आले एवढेच पाहून त्या म्हणाल्या, "पाव्हना घर उनात, मंग टोपी-टॉवेल नको?" टॉवेल दुर्दैवाने पिवळेधमक होते. मुख्य साहेब आपला टॉवेल खांद्यावर घेऊन यंत्राच्या कॅमेऱ्यापुढे वाकले आणि पडद्यावर उमटले: 'अतिपक्व. आजच काढून टाकावे.' पुढच्या महिन्यात निवृत्त होणारे ते साहेब म्हणाले, "यंत्र बरोबर आहे," आणि त्यांनी तिथेच बोली लावली. (उरलेले तिघे, शिस्त म्हणून, साहेब हसल्यानंतर हसले.)

दुसरा घटक राजकारण. शेडला वीजजोडणी हवी, म्हणून उद्घाटनाला आमदारसाहेब हवे. पत्रिका छापली, तीत मामा म्हणून आपले नाव रीतीप्रमाणे ठळक होते. तेवढ्यात साहेबांनी गट बदलला. पत्रिका पुन्हा छापली, नव्या गटाची अकरा नावे वाढली. आठवड्याने साहेब जुन्या गटात परतले. पण छापलेली अकरा नावे काढण्याची हिंमत कोणाची? जुन्या गटाची नऊ त्यांत मिळाली आणि आपण घसरत घसरत 'मंडप व्यवस्था'च्याही खाली पोहोचलात. "मन्हं नाव मंडपवालाना खाले? मी सही करस नही!" हे आपले उद्गार आपले चिरंजीव अभिमन याने फोनवरून जसेच्या तसे कळवले. सारांश, एका आमदाराने गट बदलला आणि पुण्याचे भांडवल देवपुरात अडकले. इतके स्वच्छ उदाहरण मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडले नव्हते. (अभिनंदन!)

तरी झाले गेले विसरून सही करावी, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र,
गिरधर

ता. क. : पाकीट चिकटवताना पुण्याहून फोन आला. ज्या अर्थी आपण सही करत नाही, त्या अर्थी प्रतिस्पर्धी कंपनीने आपल्याला गाठले असणार, असा त्यांचा पक्का समज झाला असून त्यांनी किंमत सव्वापट केली आहे. वरील विनंती रद्द समजावी. गुरुवारपर्यंत कृपया रुसलेलेच राहावे.

आणखी ता. क. : बेबाबाईंना यातले काहीच ठाऊक नाही. आपली समजूत काढायला त्या सकाळच्या एसटीने निघाल्यासुद्धा. म्हणून टपालाऐवजी या पत्राचा फोटो अभिमनच्या मोबाइलवर पाठवत आहे. त्यांच्यासोबत पुरणाचे मांडे आहेत. मांडे खावेत. पेन लपवावे.