चौकटीबाहेरची लाल पेन्सिल

जालना, मंगळवार, डिसेंबर २००३

साहेबाला चांगलं धुवून काढावं म्हणून वही उघडली. लेथवर काम करणाऱ्या सलीमभाईंना त्यानं आज सगळ्या वर्कशॉपसमोर झापलं. काय, तर शाफ्ट दोन सूत आखूड केला! अरे, कॉम्प्युटरनं जुनं ड्रॉइंग काढून दिलं, त्यात त्यांचा काय गुन्हा?

म्हणे नवी पद्धत. स्कॅन करून ठेवलेल्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत नंबर, तारीख, बदल जे लिहिलंय तेवढंच कॉम्प्युटर वाचतो आणि त्यावरून कागद शोधतो. आपल्याकडं घाईत चौकट कोण बदलत बसतो? मापं बदलली की नव्या ड्रॉइंगवर चौकटीबाहेर लाल पेन्सिलीनं ‘सुधारित’ लिहायचं. वर्षानुवर्षं बराबर चाललं. पण जुन्या-नव्या दोन्हींची चौकट सारखीच. त्या डबड्याला लाल पेन्सिल काय कळणार?

वर साहेबाचा तोरा, “कॉम्प्युटर चुकत नसतो!” बिलकुल सहन झालं नाही.

सुट्टीच्या वेळी सलीमभाई नळावर हात धुवून राह्यले होते. मान वर न करता म्हणाले, “भाऊ, ड्रॉइंग तुमचं, लाल पेन्सिल बी तुमचीच. मंग साहेबासमोर का न्हाई बोलले?”

अजून काय लिहू साहेबाबद्दल?