मेण ओळखणाऱ्या पेशी

१२ ऑक्टोबर १९९४, हैद्राबाद
आज परत तेच. क्षयाच्या जंतूंच्या अंगावरचं मेण वेगळं काढलं, त्यात चुकून राहिलेलं प्रथिन मारलं, धुतलं, पुन्हा धुतलं. मग ते माणसाच्या रक्तातल्या पेशींवर घातलं. पेशी भराभर वाढल्या. वाढायला नको होत्या. सगळी पुस्तकं सांगतात की रोगाशी लढणाऱ्या या पेशींना जंतूच्या प्रथिनाचे तुकडेच तेवढे ओळखू येतात. मेण, चरबी त्यांच्या खिजगणतीत नाही.
सर आकडे बघून म्हणाले, "सुमन, काचेची भांडी नीट धुतेस ना?"
धुते. लहानपणापासून धुतेय. (हे बोलले नाही.)

२० ऑक्टो.
रक्त बदलून पाहिलं. परत वाढल्या. सर म्हणतात हा विषय सोड, पीएच.डी.ची तीन वर्षं अशीच जातील. सोडवत नाही. जेवताना, बसमध्ये, केस विंचरताना तेच. पेशींना मेण दिसत असेल तर दाखवतं कोण?

१ नोव्हेंबर, घरी
दिवाळीला आले. आदिलाबादहून गावापर्यंत जीपमध्ये उभी. दादा मळ्यातच होता, एवढ्या उन्हात पूर्ण बाहीचा शर्ट. कोपराजवळचा चट्टा झाकायला. महारोगाचा आहे हे पावसाळ्यात कळलं, मीच दवाखान्यात नेलं होतं. गोळ्या सुरू आहेत. घरात वहिनीला आणि मला माहीत, मायला नाही. बाजारात कळलं तर आमचं वांगंसुद्धा कोणी हातात घेणार नाही.
दादा हसतो, पण माझ्याशी बोलताना हात मागे ठेवतो.

४ नोव्हें.
वहिनीनं मला गोठ्यामागे बोलावून सांगितलं. "सुमनबाई, यायनं गोळ्या सोडल्या. आठ दिस झाले."
विचारलं तर दादा भडकला. "गोळ्या खाऊन राह्यलो तं वाढलं! आधी नुसता डाग होता. दुखत नव्हता, खुपत नव्हता. आता पाय हे कसं झालं."
बाही वर केली. चट्टा लालभडक, सुजलेला, गरम. कोपराच्या आतली नस सुतळीसारखी टणक हाताला लागली. मेथीची जुडी बांधायला दिली तर करंगळी वळेना. जुडी सुटून पडली. मी उचलून बांधली.

५ नोव्हें.
दादाला समजावलं. हा जंतू क्षयाच्या जंतूचाच भाऊबंद, मेणाचं पांघरूण घेऊन नसेत दडून बसतो, शरीराला पत्ताच नसतो. गोळ्यांनी जंतू मरू लागले, शरीराला एकदम जाग आली. ही सूज म्हणजे तुझ्याच पेशींचा हल्ला. बोटं हलवणारी नस त्यात चेंगरतेय.
"म्हन्जे माह्याच पेशी माह्या हाताले मारून राह्यल्या?"
"हो."
"मंग त्यायले जंतू ओळखू आला कशानं? त्या मेणानं?"
सर म्हणतात नाही. मी म्हणते…

७ नोव्हें., आदिलाबाद
दवाखाना. डॉक्टर तेलुगू, आमच्याशी हिंदीत. सूज उतरवायच्या गोळ्या आजच सुरू करायच्या, नाहीतर बोटं वाकडी होतील. पहिल्या गोळ्या वहिनीच्या मुठीत दिल्या.
आणि माझ्या डोक्यात काय आलं ते इथे तरी लिहिते. या गोळ्या पेशींना गप्प करतात. आज दादाच्या पेशी पेटलेल्या आहेत. मेण ओळखत असतील तर आज याच ओळखतील. रक्त गोळीच्या आधी घ्यायला हवं. रक्त गोठू न देणारं औषध इथे नाही, मंचेरियलच्या मोठ्या दवाखान्यात मिळेल. जाऊन यायला उद्याची संध्याकाळ.
डॉक्टरांना विचारलं, "एक दिन रुक सकते हैं?"
त्यांनी वर पाहिलं. "शायद कुछ नहीं होगा. शायद उँगली जाएगी. किसलिए रुकना है?"
कारण सांगितलं नाही.
बाहेर दादाला सांगितलं, सगळं. वाटलं रागावेल. तो डाव्या हातात कप धरून चहा पीत होता. म्हणाला, "तुले पायजे तं घे. मी थांबतो. एका दिसानं काय होते?"
वहिनी चहावाल्यासमोरच म्हणाली, "तुमी बहीन म्हनून आल्या का डाक्टर म्हनून?"
मी पाणी आणलं. गोळ्या दादाच्या तोंडात घातल्या, गिळेपर्यंत उभी राहिले. वहिनी माझ्याकडे बघतही नव्हती.

२७ नोव्हें., हैद्राबाद
वहिनीचा फोन. सूज उतरतेय, करंगळी थोडी वळते. आनंद झाला. खरंच झाला. मग प्रयोगशाळेत जाऊन दोन नळ्या फोडल्या. हातून पडल्या म्हणून सांगितलं.

१६ फेब्रुवारी १९९५
सरांनी बोलावलं. परदेशी मासिकाचा अंक ग्रंथालयात आलाय. तिथल्या लोकांनी दाखवलंय: क्षयजंतूचं मेण पेशी ओळखतात. प्रथिन दाखवणारे रेणू वेगळे. मेणाचा तुकडा पेशीसमोर धरणारा रेणू वेगळाच. उभ्यानंच वाचलं. भांडी स्वच्छ होती.
सरांनी अंक माझ्या हातून घेतला. म्हणाले, "आता कुष्ठाच्या रुग्णांच्या पेशींवर बघायला हवं. सूज आलेली असताना, गोळ्यांच्या आधी. तुझ्या भागात मिळतील ना रुग्ण?"
मिळतील, मी म्हणाले.

१७ फेब्रु.
लक्ष लागत नाही. आनंद की चीड, कळत नाही. सरांना दादाचं सांगितलेलं नाही. सांगणार नाही. त्यांनी रक्त गोठू न देणारं औषध घातलेल्या नळ्यांची पेटी माझ्या टेबलावर ठेवलीय.

१९ मार्च
दुपारी वहिनीचा फोन, आदिलाबादच्या एसटीडी बूथवरून. सुजेच्या गोळ्या कमी करत आणल्या होत्या. कालपासून कोपर परत गरम.
"डाक्टरनं जास्तीच्या गोळ्या देल्ल्या."
"मग घेतल्या ना?"
"नाई. हे म्हन्तात, सुमीले येऊ दे. मांगच्या बारीले तिचं रगत घ्याचं राहून गेलं. आयकतच नाईत माहं."
मी ओरडले. आत्ताच्या आत्ता द्या, माझी शपथ घाला, पण द्या! पलीकडे खरखर. वहिनीनं किती ऐकलं कोण जाणे. पुन्हा लावला तर बूथवाला म्हणाला, त्या बाई गेल्या.
वहिनी रडत नव्हती. तिनं रडायला हवं होतं.

त्याच दिवशी, बसमध्ये
मिळेल ती बस धरली. कामारेड्डी मागे पडलं. पेन्सिलीनं लिहितेय, अक्षर उड्या मारतंय. नळ्यांची पेटी पिशवीत घातली होती, काढली, निघताना परत घातली. शेजारची बाई विचारते, घरी कोणी आजारी आहे का? भाऊ, म्हटलं.
वहिनीनं शपथ घातली असेल. दादानं गोळी घेतली असेल. घेतलेली असावी असंच मला वाटतंय.
बहुतेक वेळ वाटतंय.