धाकट्याची चाल बाकी आहे

मी, खाली सही करणारा, टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचा धंदा करणारा, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसे थकली आहेत, डोके शाबूत आहे. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. कुणाचाही दबाव नाही. दबाव आणायला कुणी यावे लागते.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक थोरल्या बहिणीस, म्हणजे ताईस. आईचे शेवटचे आजारपण तिनेच काढले. न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो हे तिला ठाऊक आहे. इतरांनी जोर लावू नये.

२. दुकानातली हत्यारे शेजारच्या शिंप्यास. तापलेले सोल्डरिंग आयर्न त्याने कापडाजवळ ठेवू नये. ज्या गिऱ्हाइकांनी माझ्याच दुकानात उभे राहून "जुनं कोण वापरतं आता?" असे मला ऐकवले आणि टीव्ही टाकून गेले, त्यांचे टीव्ही भंगारात द्यावेत. ते दुरुस्त झाले होते, एवढे मात्र त्यांना कळवावे.

३. माझा जुना घरगुती संगणक, ज्याचे सगळे यंत्र कीबोर्डाच्या पोटातच आहे आणि जो टीव्हीला जोडावा लागतो, तो धाकट्या भावास. त्याला तो भंगार वाटतो, म्हणून फायदे नमूद करतो. बटण दाबताच सुरू होतो. चार स्क्रू काढले की आत काय आहे ते दिसते. मी कॉलेजात गेलो नाही, जे शिकलो ते याच्या पोटात डोके घालून. स्मृती इवलीशी, त्यामुळे फापटपसारा चालत नाही. आम्ही दोघांनी मिळून त्यावर बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला. यंत्र स्वतः खेळत नाही. पट दाखवते आणि खोटी चाल नाकारते. आमच्या घरात हे काम करणारे दुसरे कुणी नव्हते.

आई गेल्यानंतरच्या महिन्यात आम्ही शेवटचे खेळायला बसलो.

"दादा, घर विकून टाकू. हा डबाही विकू, घेईल कुणी हौशी."

"राजाला शह आहे. चाल कर."

"तुला कशाचं काही आहे का?"

"चाल कर म्हटलं ना."

त्याने पिशवी उचलली. "आलो की करतो," म्हणाला आणि जिना उतरला.

तेव्हापासून यंत्र बंद केलेले नाही. वीज तुटली की ते सगळे विसरते, म्हणून खाली बॅटरी जोडली आहे. मांडणी कागदावर उतरवता येते, हे मला कळते. पण मग तो पुन्हा मांडलेला डाव होईल. हा चालू आहे. आता सर्वांत मोठा फायदा. या यंत्रात घड्याळ नाही, त्याला तारीख कळत नाही. त्याच्या लेखी तीच संध्याकाळ आहे आणि धाकटा जरा बाहेर गेला आहे. नव्या यंत्रांत ही सोय मी पाहिलेली नाही.

ताई म्हणते, "फोन कर ना त्याला."

"चाल त्याची आहे."

"मी खेळाचं नाही बोलत रे."

मीही नव्हतो बोलत.

४. यंत्र हलवू नये. धाकट्याने इथे येऊन, त्याच्या खुर्चीत बसून चाल करावी. तोवर शिंप्याने बॅटरीत पाणी घालत राहावे. टीव्ही बंद केला तरी चालेल, कीबोर्डाच्या पिनेला हात लावू नये.

५. प्रोग्रामात हार कबूल करण्याची एक कळ आहे, कोपऱ्यातली. ती धाकट्याने घातली. मी म्हणालो होतो, "कुणाला लागणार आहे ती?" तो म्हणाला, "तुलाच लागेल, दादा." ती आजवर कुणी दाबलेली नाही. त्याने कोणतीही चाल केली, अगदी वाईट केली, तरी ताईने माझ्या वतीने ती कळ दाबावी. डाव मी जिंकत होतो, हे त्याला सांगू नये. मग यंत्र त्याने स्वतः बंद करावे.

६. तो न आल्यास काय करावे, हे कलम मला लिहिता आले नाही. जागा मोकळी सोडली आहे.

सही: दादा
साक्षीदार: दवाखान्यातला कंपाउंडर, दूधवाला. (शिंप्यास हत्यारे मिळत असल्याने त्याची सही चालत नाही. तो खाली उभा आहे.)
ठिकाण: राहते घर, यंत्राची खोली.
तारीख: ताईने घालावी. मी इतका वेळ यंत्रासमोर बसलो आहे.